वीसच्या खाली

लुसाकात सध्या वीज पहाटे येते, दहाला जाते ती संध्याकाळीच परत येते, हे पोराटोरांनाही पाठ आहे. तरी ह्यांनी ऐंशी टक्क्यांवर चार्जर उपटलाच.

"अहो, आज तरी पूर्ण भरू द्या!" मी म्हटलं. "आज नात दिसायचीय."

"पूर्ण भरून बॅटरी लवकर म्हातारी होते. आपला लॅपटॉप इतकी वर्षं टिकला तो कशामुळे, चिलुफ्याची आई?"

ऐंशीच्या वर चढवायची नाही, वीसच्या खाली उतरू द्यायची नाही. वीस दिसले की झाकण बंद, मग समोर कोणी का असेना.

चिलुफ्या आमची लेक, लीड्सला असते. बाळाची नाळ पडली होती, म्हणजे आमच्या रीतीने आता नाव ठेवायचं, आणि ते आजोबांनी. आजवर घरातली सगळी नावं ह्यांच्याच माणसांची. हे मात्र माझ्या आईचं, मुसोंडा, असं ह्यांनी कबूल केलं होतं.

लॅपटॉपवर लेकीचा व्हिडिओ कॉल आला तो वीज गेल्यावर. पडद्यावर आधी जावई, चोम्बा. त्याला घरात घेण्याचा विधी अजून झालेला नाही, म्हणून सासूने, म्हणजे मी, त्याच्यासमोर तोंड दाखवायचं नाही आणि उघडायचंही नाही. मी लॅपटॉपच्या मागे चटईवर बसले. बाळ दिसत नव्हतं, नुसतं रडणं ऐकू येत होतं.

आणि ह्यांनी काय बोलावं?

"जावईबापू, तुमचा चार्जर दिवसभर लावलेलाच असतो?"

"हो, बाबा."

"अरेरे! आपल्या हातांनी जीव घेताय बॅटरीचा. तापते ना? उशीवर ठेवत असणार!"

मी खाकरले. कमरेला गुंडाळलेल्या चितेंगेचं टोक पिळून पिळून सुरकुतलं. ह्यांना चिमटा काढावा तर हात पुरेना. नाव घ्या, नाव घ्या, असं नुसतं ओठांनी म्हणत राहिले. ह्यांचं लक्षच नव्हतं.

"वीस झाले," हे म्हणाले आणि सवयीने हात झाकणावर गेला. "उरलेलं उद्या."

मी उठले. झाकण धरलं आणि माझा अख्खा चेहरा पडद्यासमोर आला.

"उद्या कशाला? मरू दे ती बॅटरी! आधी माझ्या आईचं नाव घ्या!"

चोम्बाने चटकन मान खाली घातली. चिलुफ्या "आई!" म्हणून किंचाळली. तिच्या कुशीत नात होती, मुठी आवळून, लालबुंद. माझा राग जागच्या जागी विरला.

ह्यांनी हात काढला. चष्मा पुसला आणि वाकून नातीकडे पाहिलं. जुनी बॅटरी, वीसच्या खाली टक्के भराभर उतरत होते. मग घसा साफ करून म्हणाले, "बाळा, तुझं नाव मुसोंडा."

पडदा काळा झाला.

"ऐकलं असेल ना त्यांनी?" हे विचारत होते. मला काय ठाऊक? दुपारभर मी आतबाहेर करत राहिले. जावयाला तोंड दाखवल्याची लाज वेगळीच.

संध्याकाळी वीज आली. लॅपटॉप सुरू होताच चोम्बाचा निरोप दिसला: "मुसोंडा झोपली. चार्जर ऐंशीला काढला, बाबा. आईंना नमस्कार."

मी रडले, चांगली मोठ्याने.

आमचे ऐंशी टक्के झाले. ह्यांनी चार्जरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात मांडीखाली घालून बसले.