सवलतीच्या पुस्तकातली शेवळं

मित्रांनो, मला एकही कागदी पान नाही, तरी माझ्या पोटात एके काळी नऊशेहून जास्त पुस्तकं होती. मी एक जुना ई-रीडर आहे. वहीएवढा, करड्या रंगाचा, काचेच्या एका कोपऱ्यात हळदीचा डाग असलेला. बोरिवली पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, देवाच्या फळीशेजारी माझी जागा आहे. तुम्हाला मी माझी हकिगत सांगणार आहे. ती गोड नाही. सांगताना मला माझीच किळस येते, पण कुणीतरी सांगायलाच हवी.

कुठल्याशा दूरच्या कारखान्यात हातमोजे घातलेल्या हातांनी मला जोडलं. तिथलं मला फार आठवत नाही. पहिलं आठवतं ते निधीचं हसणं. तिच्या वाढदिवसाला तिच्या नवऱ्याने, सौरभने, मला खोक्यातून काढून तिच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "पुस्तकांना जागा नाही म्हणून रडतेस ना? हे घे कपाट."

ते दिवस फार चांगले होते. निधी अंधेरीला एका ऑफिसात कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खायची आणि दुसऱ्या हाताने मला धरायची. एक पुस्तक घ्यायची, ते शेवटपर्यंत वाचायची, मगच दुसरं. एका कादंबरीच्या शेवटी तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या काचेवर पडलं. तिने मला ओढणीने पुसलं. त्या दिवशी मला वाटलं, आपण यंत्र असलो तरी काहीतरी चांगलं करतो आहोत.

तिचे सासरे जयवंत हे माझे दुसरे वाचक. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगचं काम केलं आणि आता निवृत्त झाले होते. ते भजनीबुवा होते. मालवणी मंडळींच्या डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनाच्या सामन्यात, त्यांचा आवाज लागला की मुलुंड-घाटकोपरची माणसंसुद्धा ऐकायला यायची. त्यांना लहान अक्षर दिसत नसे. निधीने माझी अक्षरं मोठी करून दिली. मग ते एकेका ओळीखालून बोट फिरवत वाचायचे. एका पुस्तकाला त्यांना महिना लागे, पण एक शब्द सोडत नसत. मित्रांनो, खरं सांगतो, मला निधीपेक्षा ते जास्त आवडायचे.

मग एका सकाळी निधीला ती यादी सापडली.

रोज सकाळी मेलवर येणारी, सवलतीत मिळणाऱ्या पुस्तकांची ती यादी होती. रहस्यकथा, प्रेमकथा, इतिहास, प्रवास, शेअर बाजार, बालसंगोपन, गुडघेदुखी, कुंडीतली बाग, भुताटकी. सगळ्यांवर आजच्यापुरती सूट, काही तर चहाच्या कपाहून स्वस्त. सुरुवातीला तिला त्यातून दोन-तीन फार छान पुस्तकं मिळाली, हे मी नाकारत नाही. पण नंतर ती वाचण्यापेक्षा शोधायलाच लागली. चहा होईपर्यंत चार घेतली, रिक्षात बसून आणखी दोन. पहिली दोन पानं वाचायची आणि पुढचं उघडायची.

त्या स्वस्त पुस्तकांतली निम्मी कशी होती, ते मला विचारा. बाहेरून मुखपृष्ठ चकचकीत, आत सगळीकडे तोच शिळा भात. प्रेमकथेत आणि शेअर बाजाराच्या पुस्तकात तीच वाक्यं. एका रहस्यकथेत खून झालेल्या माणसाचं नाव मध्येच बदललं आणि पुढे तोच माणूस चौकशीला आला. कुणी बसून, विचार करून ते लिहिलंच नव्हतं. इथलं तिथलं गोळा करून, यंत्राकडून घोटून घेतलेला तो गाळ होता. आणि तो रोज माझ्या अंगात ओतला जात होता. माझ्या जातीच्याच कुठल्यातरी यंत्राने तो घोटला होता, याची मला आणखी शिसारी यायची.

एका प्रवासवर्णनात लिहिलं होतं की मनोरीला जायची होडी मुलुंडच्या धक्क्यावरून सुटते. निधी पोट धरून हसली.

"बाबा, ऐका ना! मुलुंडला समुद्र आणलाय ह्याने."

"कोण तो लेखक?" जयवंतांनी विचारलं.

"डॉक्टर देवदत्त."

"डॉक्टर आसा आणि मुलुंड म्हायत नाय?" तेही हसले.

दोघं हसली, पण पुस्तक कुणी काढून टाकलं नाही. याच डॉक्टर देवदत्तांच्या नावावर त्या महिन्यात अकरा पुस्तकं निघाली होती. त्यातलं एक होतं रानभाज्यांचं.

ते निधीने घेतलं, त्यामागचं कारण वाईट नव्हतं. जयवंतांची साखर वाढली होती. पुस्तकात लिहिलं होतं की जूनच्या सुरुवातीला येणारी शेवळं साखरेवर रामबाण आहेत. शेवळं म्हणजे जमिनीतून वर येणारे जांभळट तपकिरी कोंब. निधीने कधी केली नव्हती. तिची सासू रत्नप्रभा सिंधुदुर्गातली. तिच्या गावी ही भाजी करत नसत.

शनिवारी सकाळी निधी मला पिशवीत घालून बाजारात गेली. स्टेशनबाहेर माणिक नावाची बाई दर पावसाळ्यात पालघरकडून रानभाज्या घेऊन बसते. निधीने शेवळांच्या दोन जुड्या उचलल्या. माणिकने शेजारच्या ढिगातली हिरवी, बोराएवढी फळं पुढे केली.

"काकडं घे बाय संगती. नायतर गला धरल."

निधीने मला बाहेर काढलं, ते पान उघडलं आणि वरपासून खालपर्यंत पाहिलं. "यात काकडाचं काही नाही लिहिलेलं, मावशी. बारीक चिरून दोन मिनिटं परतायची, एवढंच आहे."

"कोनी लिवलाय?"

"डॉक्टर आहेत ते."

माणिकने माझ्याकडे पाहिलं, मग निधीकडे. "बरा. पन काकडं ने. पैसं नको देव."

"नको हो, उगाच सडतील."

मित्रांनो, त्या वेळी मी ओरडायला हवं होतं. मला आवाज नाही. ज्या बाईने ती शेवळं स्वतः खणून आणली होती, तिच्या शब्दाला माझ्या काचेवरच्या खोट्या शब्दाने हरवलं. मी तिथे गुमान उजेड देत बसलो.

घरी निधीने मला ओट्यावर डब्याला टेकवून उभं केलं आणि पान बघत भाजी केली. त्या दिवशी रत्नप्रभेचा उपास होता. ती पदराला हात पुसत मागे येऊन उभी राहिली आणि तिने चिरलेले कोंब हातात घेऊन पाहिले.

"काय गो निधी, ह्या सुरणासारखा खाजत नाय मा? आमी अळवाक सुद्धा चिंच घालतंव."

"नाही आई. पुस्तकात तसं असतं तर लिहिलं असतं ना." तिने मान वर न करता सांगितलं.

संध्याकाळी घाटकोपरला जयवंतांची बारी होती. म्हणून ते लवकर जेवायला बसले. पहिल्या घासालाच त्यांच्या घशात टोचलं असणार. पण सुनेने एवढ्या हौसेने केलेली भाजी! "झकास झालीय," म्हणाले आणि पुन्हा वाढून घेतली. सौरभ कामावर गेला होता आणि निधी स्वतः अजून जेवली नव्हती. ती समोर बसून त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती.

थोड्या वेळाने त्यांनी पाणी मागितलं. मग परत मागितलं. मग मागायला तोंड उघडलं आणि शब्दच आला नाही. जीभ सुजून जाड झाली होती. ते दोन्ही हातांनी गळा चोळायला लागले आणि श्वास घेताना चिरका आवाज येऊ लागला.

आणि निधीने काय केलं? ती धावत ओट्याशी आली, मला उचललं आणि तेच पुस्तक उलटायला लागली. उपाय शोधत होती बिचारी. त्या पानाच्या शेवटी एक ओळ होती. ती मी तिला दाखवली, कारण दाखवणं एवढंच माझं काम आहे. 'ही भाजी घशाला थंडावा देते.'

"तां ठेव बाजूक!" रत्नप्रभेने मला तिच्या हातातून हिसकावलं आणि भिरकावलं. मी भाजीच्या कढईत कोपऱ्यावर आपटलो. "रिक्षा बघ आधी! जा!"

दार उघडंच टाकून तिघं गेली. शेजारच्यांनी ते ओढून घेतलं. रिकाम्या स्वयंपाकघरात, हळदीच्या तेलात एक कोपरा बुडालेला, मी आढ्याकडे बघत पडलो होतो. माझी काच आपोआप बंद व्हायला दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं ते वाक्य माझ्या तोंडावर तसंच होतं. घशाला थंडावा देते. एवढी घाण मला माझ्या आयुष्यात कधी वाटली नाही.

जयवंत वाचले. इस्पितळात इंजेक्शनं दिली, नाकाला ऑक्सिजन लावला, तीन दिवस ठेवून घेतलं. हे सौरभने फोनवर त्याच्या मित्राला सांगितलं तेव्हा मला कळलं. घाटकोपरच्या बारीला त्यांच्या जागी दुसरा बुवा बसला. घरी आले तेव्हा त्यांना बोलायची मनाई होती. घसा आतून सोलवटला होता.

त्यांनी खुणेने मला मागितलं. निधी मला द्यायला तयार नव्हती. तिने मला पुसूनसुद्धा ठेवलं नव्हतं. पण त्यांनी हात पुढे केलेलाच ठेवला. माझ्यात टिपण लिहायची सोय आहे. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, 'त्या डॉक्टरला फोन लाव. त्याने ही भाजी कधी खाल्ली का, एवढंच विचार.'

निधीने फोन नंबर शोधला. नव्हता. पत्ता नव्हता. एक मेल-आयडी होता. त्यावर तिने सगळी हकिगत लिहिली. मिनिटभरात उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल आभार! पुढील खरेदीवर खास सवलत.' डॉक्टर देवदत्त नावाचा माणूस या जगात नव्हताच. निधीने ते उत्तर वाचलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

तिने विकणाऱ्यांकडे तक्रार केली, पुन्हा पुन्हा केली. आठवड्याने पुस्तक काढलं गेलं. त्याला चार दिवस झाले नाहीत, तोच सकाळच्या यादीत नवं पुस्तक आलं. लेखिका गंधाली, मुखपृष्ठावर कमळ. निधीने नमुन्याची पानं उघडून पाहिली. तीच शेवळं, तीच दोन मिनिटं, तोच थंडावा. पहिल्यापेक्षा स्वस्त.

या सगळ्यात रत्नप्रभा सुनेशी कामापुरतंच बोलत होती. एका दुपारी तांदूळ निवडताना ती अचानक म्हणाली, "मी तुका दोष देणंय नाय गो. तू त्येंच्या भल्यासाठीच केलंस. पण मी इचारलंय तेवा तू माझ्याकडे बघूक नाय. त्या काचेत बघलंस."

निधी रडली. मग सासूच्या समोर बसून तीही तांदूळ निवडायला लागली. त्या घरात मला त्या दिवशी कुणी हात लावला नाही, आणि तेच बरं झालं.

पुढच्या शनिवारी ती माणिककडे गेली. मी पिशवीत होतो. निधीने मान खाली घालून सगळं सांगितलं. माणिकने आधी विचारलं, "बाबा बरा हाय ना?" आणि मग म्हणाली, "माजे आयशीने लहानपनी एकदा बिगर काकडाची खाल्ली व्हती. तवापासून आमचे घरात कोन इसरत नाय." निधीने तिला शेवळं कशी करायची ते पहिल्यापासून विचारलं आणि उभ्या उभ्या ऐकलं. या वेळी तिने मला बाहेर काढलं नाही.

त्यानंतर ती आणि जयवंत रोज संध्याकाळी मला घेऊन बसू लागली. एकेक पुस्तक उघडायचं, कुणी लिहिलं ते शोधायचं, तो माणूस खरा आहे का, त्याला त्यातलं कळतं का ते पाहायचं. नाहीतर काढून टाकायचं. शेवटी माझ्यात साठ-सत्तर पुस्तकं उरली. सवलतीतलीही आहेत त्यात. स्वस्त असण्यात काही पाप नाही. जयवंत आता हळू आवाजात बोलतात. भजनाला जातात, पण मागे बसून टाळ धरतात. वरचा सूर परत आलेला नाही. डॉक्टर म्हणतात, येईल. सांगता येत नाही.

मित्रांनो, माझ्यासारखे लाखो जण आज घराघरांत आहेत. मला नीट पुसा, वेळेवर चार्ज करा, उन्हात टाकू नका, हे तर मी म्हणेनच. पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. माझ्यात काय भरता, ते भरण्याआधी बघा. कुणी लिहिलं, ते विचारा. आणि घरात किंवा बाजारात एखादं माणूस तुमच्याशी बोलत असेल, तर माझ्यावरून नजर काढून त्याच्या तोंडाकडे बघा. तुम्ही सडकं खाल्लंत तर तुमचं पोट ते बाहेर फेकतं. मला ओकता येत नाही. मी ते तसंच्या तसं, स्वच्छ अक्षरात, तुमच्यासमोर वाढतो.