सात टेबलांवरचे शंभर अंश

प्रयोगशाळेत अठ्ठावीस मुलं, सात टेबलं, सात बर्नर, सात तापमापी आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, होत्या. बाई माझ्या तासातल्या शेवटच्या दहा मिनिटांवर टपून होत्या. प्रयोग झाला की मी मुलांना लिहायला लावतो: आधी काय वाटलं होतं, काय दिसलं, कुठे गडबड झाली. बाईंच्या मते हे निबंधाचं खूळ.

"आज यातून विज्ञान निघालं तर ठीक," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्यापासून ती दहा मिनिटं उत्तरं पाठ करायला."

पाणी उकळल्याचा गलका झाला. सातही टेबलांनी फळ्यावर उत्कलनबिंदू लिहिला: शंभर अंश.

बाई खूश. "एकजात बरोबर! आता यावर लिहायचं काय राहिलं, सर?"

 मी तरीही कागद वाटले. "मार्क नाहीत, नावही घालू नका. फक्त खरं लिहा."

दहा मिनिटांनी गठ्ठा बाईंनीच ताब्यात घेतला आणि वरचा कागद मोठ्यानं वाचला. "आमचा पारा अठ्ठ्याण्णवच्या आसपास अडून बसला. मी तेच लिहिणार होते, पण मैत्रीण म्हणाली, वेडी आहेस का, पुस्तकात शंभर दिलंय."

खसखस पिकली. बाईंनी दुसरा उचलला. "आम्ही मागच्या टेबलाचं बघून लिहिलं. त्यांनी त्यांच्या मागच्यांचं. सगळ्यात मागच्यांचा बर्नर पेटलाच नव्हता."

तिसरा कागद त्यांनी जरा हळू वाचला. "मोठ्या बाई अगदी मागे उभ्या होत्या, म्हणून दोन अंश वाढवले."

बाईंनी चष्म्यावरून वर्गाकडे पाहिलं. वर्गानं छताकडे पाहिलं.

"तापमापीच भिकार असतील," बाई म्हणाल्या. "कपाटातली चांगली काढा."

त्यांनी स्वतः बर्नर पेटवला आणि स्टूल ओढून बसल्या. घंटा झाली, पण कोणी जागचं हललं नाही.

"बाई, शंभर होईल हो," मागून कोणीतरी धीर दिला.

"गप रे. पाऱ्याला बोलू दे."

पाणी खदखदायला लागलं. बाई वाकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. मग माझ्याकडे न बघता त्यांनी हात पुढे केला.

"मलाही एक कागद द्या. आणि ती दहा मिनिटं राहू द्यात. शुद्धलेखन मात्र मी तपासणार."

त्या लिहायला लागल्या. मी तापमापी वाचली. आमच्या गावाच्या उंचीवर पाणी जिथे उकळायला हवं, तिथेच: अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन अंश.