पाण्याची रेघ

साहेबांनी बरणीवरचं फडकं सोडलं, पळी आत बुडवली आणि काळसर दशमूलारिष्ट काचेच्या चंबूत ओतलं. चंबूला वाकडी नळी होती, नळीखाली पेला. स्पिरिटच्या दिव्याची निळी ज्योत चंबूखाली उभी राहिली, तसे माणिकराव वैद्य ओसरीवरून उठले. दाराशी गेले, परत आले, बसले, पुन्हा उठले.

"बसा हो वैद्यबुवा," साहेब म्हणाले. "पाऊण तास लागेल. याला ऊर्ध्वपातन म्हणतात."

"आमी भपका म्हणतो. अर्क काढाले आमीबी हेच करतो."

"दारू गाळणारेही हेच करतात," साहेब म्हणाले आणि घड्याळाकडे पाहिलं.

साहेब दारूबंदी खात्याचे, बुलढाण्याहून आलेले. कोणा भल्या माणसानं निनावी अर्ज धाडला होता, की दुसरबीडचा वैद्य औषधाच्या नावाखाली भलतंच विकतो. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती आणि दारूबंदीचा बडगा अजून जोरात होता. आसवा-अरिष्टांत आंबताना आपोआप तयार होणारा मद्यार्क कायद्याला चालायचा, पण ठरलेल्या मापापर्यंतच. माप ओलांडलं की परवाना गेला आणि वर खटला. तीस वर्षं लोकांच्या नाड्या पाहणाऱ्या माणसाला उतारवयात हातभट्टीवाल्यांच्या रांगेत उभं राहायची पाळी येणार, या विचारानं माणिकरावांना एका जागी बसवत नव्हतं.

समोरच्या दुकानातून इंद्रभान किराणावाला मान वाकडी करकरून पाहत होता. त्याला हटकावं असं माणिकरावांना दोनदा वाटलं आणि दोनदा धीर झाला नाही.

त्यातच रुक्मिणीबाई रिकामी बाटली घेऊन आली. तिची लेक अन्नपूर्णा बाळंतपणाला माहेरी आलेली. बाळंत होऊन दीड महिना झाला तरी रोज दुपारी अंग तापायचं, पायांत उभं राहायचं बळ नव्हतं. रुक्मिणीबाई तिला मेहकरच्या सरकारी दवाखान्यात नेणार होती. माणिकरावांनीच अडवलं होतं. याच अरिष्टाच्या दोन बाटल्या पोटात जाऊ द्या, म्हणाले होते.

"तिसरी भरून देता काय, वैद्यबुवा? दोन तं झाल्या."

"अंमळ थांबा. मीच घेऊन येतो."

ती गेली. पेल्यात थेंब थेंब पडत होता. अखेर साहेबांनी दिवा विझवला, पेल्यात साचलेलं उंच नळकांड्यात ओतलं, मापात पाणी घातलं आणि त्यात मद्यार्क मोजायची काचेची बारीक मापी सोडली. मापी डुचमळली, स्थिर झाली. साहेब डोळा लावून वाकले.

"काहीच नाही," साहेब म्हणाले.

"काहीच म्हंजे?"

"मद्यार्क नाही. मापी पाण्याच्या रेघेवर उभी आहे. तुम्ही सुटलात, वैद्यबुवा!"

माणिकरावांच्या तोंडावर हसू आलं खरं, पण ते ओठांवरच राहिलं.

"थोडातरी असंल की. शंभरात दोन-चार भाग?"

"एकही नाही."

"साहेब, पुन्हा मोजा."

साहेब चकित झाले. कमी भरावं म्हणून गयावया करणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, जास्त भरावं म्हणणारा हा पहिलाच. तरी त्यांनी मापी धुतली, पुसली, पुन्हा सोडली. ती पुन्हा त्याच रेघेवर थांबली.

म्हणजे काढा आंबलाच नव्हता, अरिष्ट झालंच नव्हतं. गूळ, मध आणि मुळ्यांचा काढा बरणीत महिनाभर नुसता झोपून राहिला होता. कुटारात, म्हणजे भुशात, पुरलेली बरणी महिन्यानं काढल्यावर माणिकरावांनी रिवाजाप्रमाणे तोंडाशी जळती काडी धरली होती. आतलं आंबून फसफसत असलं की काडी विझते, शांत होऊन तयार झालं की जळत राहते. काडी जळत राहिली आणि ते समजले, तयार झालं. पण जे कधी आंबलंच नाही, त्याच्या तोंडाशीही काडी जळतच राहणार! चौथ्या दिवशी बरणीला कान लावून आतली सळसळ ऐकायची, हे काम त्यांच्या बायकोचं, सरस्वतीबाईचं. काढा कोमट झाल्याशिवाय ती काढा आंबवणारी धायटीची फुलं टाकू द्यायची नाही. ती जाऊन आठ महिने झाले होते. या खेपेला माणिकरावांनी गरम काढ्यातच फुलं टाकली, त्यांतलं आंबवण मेलं आणि कान लावायचं तर त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

साहेबांनी दाखला लिहून दिला, सही ठोकली आणि पेटी आवरून निघाले. इंद्रभान धावतच आला.

"सुटले ना, वैद्यबुवा? मंग तोंड काऊन असं? दारू निघाली काय?"

"निघाली असती तं बरं झालं असतं, बे."

माणिकरावांनी बरणी फरफटत मोरीपाशी नेली आणि आडवी केली. इंद्रभान आ वासून पाहत राहिला. आता गावभर तो काय सांगेल, हे माणिकरावांना ठाऊक होतं, पण त्याची त्यांना फिकीर वाटली नाही. ते तसेच रिकाम्या हातानं रुक्मिणीबाईच्या घरी गेले.

अन्नपूर्णा बाजेवर भिंतीला टेकून बसली होती, मांडीत लेकरू. ओठ पांढरे पडलेले.

"पोरी, मी तुले औषध नाई दिलं," माणिकराव उभ्यानंच म्हणाले. "गूळपाणी पाजलं. माह्या हातून चूक झाली."

तिनं लेकराच्या अंगावरची दुपटी सारखी केली.

"मले माहीत होतं, काका."

"कवापासून?"

"पह्यल्याच घोटाले. मागच्या बाळंतपणात काकूनं देल्लं ते घशाले झोंबत होतं. हे नुसतं गोड लागलं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"काकू गेल्यावर तुमी एकट्यानं पह्यल्यांदाच केलं होतं. बाटली तुमी तीनदा पुसून देल्ली. कसं म्हणू?"

माणिकराव बाजेच्या कडेला बसले. तिचा हात हातात घेतला, नाडीवर बोटं ठेवली. डोळे भरून आले होते आणि ठोके काही केल्या मोजता येईनात. त्यांनी हात हळूच खाली ठेवला.

"रुक्मिणीबाई," ते म्हणाले, "दोनची एस.टी. आहे मेहकरची. पोरीले तयार करा. मीबी येतो संगं."