तिसऱ्या पातळीची अॅम्ब्युलन्स

"यावर पांढरा कुणी फासला?"

पातळीकाकूंनी विचारलं, तसा रंगाचा डबा धरून उभा असलेला रंगारी स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. अॅम्ब्युलन्सच्या मडगार्डवर काकूंनी आदल्या दिवशी ओढलेला लाल पट्टा पांढऱ्याखालून गुलाबी दिसत होता.

"साहेबांनी सांगितलं, काकू. मी काय, हुकमाचा ताबेदार."

लष्कराच्या त्या वर्कशॉपमध्ये काकूंचं खरं नाव पगाराच्या दिवसापुरतंच उरलं होतं. युनिटांकडून आलेली प्रत्येक गाडी, जनरेटर, पंप तपासायचा आणि त्याची दुरुस्ती कुठल्या पातळीवर व्हायची ते ठरवायचं, हे त्यांचं काम. पांढरा पट्टा म्हणजे पहिली पातळी: ड्रायव्हरनंच पाना-पक्कड घेऊन भागवायचं. पिवळा म्हणजे वर्कशॉप. लाल म्हणजे दूरचा मोठा डेपो, जिथं गाडी पार उघडून नवे भाग घालतात. काकूंनी पट्टा ओढला की विषय संपला. म्हणजे आजवर तरी संपत होता.

या अॅम्ब्युलन्सच्या स्टिअरिंगचे आतले दाते झिजून गेले होते. चाक फिरवलं की गाडी आधी विचार करायची, मग वळायची. हे काय पान्यानं व्हायचं काम आहे? काकू तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरल्या.

"बसा, बाई."

"बसायला नाही आले. त्या गाडीचं स्टिअरिंग गेलंय, साहेब."

"माहीत आहे. मी स्वतः चालवून बघितली काल."

साहेबांना कळलं नसेल, समजावून सांगू, असं मनाशी घोकत काकू आल्या होत्या. कळून सवरून केलेल्याला काय समजावायचं, कपाळ?

"डेपोपुढे रांग लागलीय," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि वरून तपासणी येतेय. तिसऱ्या पातळीवर एवढ्या गाड्या अडकलेल्या दिसल्या तर आपल्या सगळ्यांच्या गळ्याशी येईल. पहिल्या पातळीवर घातली की ती अडकलेली धरत नाहीत."

"धरत नसतील. पण वळत नाही ना ती."

"हळू चालवायची."

"आत पेशंट घालून? उतारावरून?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तुमची फार दगदग होते, बाई. उद्यापासून स्टोअरमध्ये बसा. तिथं आराम आहे."

रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. रांग डेपोची लांबली, म्हणून रंग गाडीचा बदलला आणि बदली काकूंची झाली.

संध्याकाळी नवरा भाजी निवडत म्हणाला, "तुझ्या पट्ट्यानं काय लढाई थांबणार होती?"

"लढाईचं कोण बोलतंय? गाडी थांबली असती."

"पेन्शन तोंडावर आलीय. अंगाशी येईल असं काही करू नकोस."

"दुसऱ्याच्या अंगावर गेलं तर चालेल, असंच ना?"

काकूंना नवऱ्याचा राग आला, आणि तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता याचा त्याहून जास्त आला.

सकाळी त्या स्टोअरमध्ये गेल्याच नाहीत. वर्कशॉपच्या अंगणात अॅम्ब्युलन्सखालून तिच्या ड्रायव्हरचे पाय बाहेर आलेले दिसले. मिशा पिकलेला, एरवी सगळ्यांची टिंगल करणारा गडी.

"काय करतोयस खाली?"

"पांढरा पट्टा आहे, काकू. दुरुस्ती करतोय. दाते कुठून उगवायचे तेवढं सांगा."

काकूंनी गोणपाट अंथरलं आणि त्याच्या शेजारी आडव्या झाल्या. दोघांनी मिळून बाहेरचे नट आवळले, ग्रीस भरलं. आतल्या झिजेला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, आणि ते दोघांनाही ठाऊक होतं.

"गाडी नेणार नाही म्हणून सांग."

"मग दुसऱ्याला देतील. त्याला हिच्या खोडी तरी कुठं माहीत आहेत?"

काकू बाहेर आल्या, हात पुसले आणि रंगाऱ्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यानं इकडेतिकडे बघितलं आणि लाल डब्यातला ब्रश त्यांच्या हातात दिला. सगळं वर्कशॉप बघत असताना काकूंनी पांढऱ्यावरून लाल पट्टा ओढला, नेहमीसारखा, सरळ. केबिनच्या खिडकीतून साहेब बघत होते. ते बाहेर आले नाहीत. गाडी सोडायचा त्यांचा हुकूम गेटवर आधीच पोचला होता.

पहारेकऱ्यानं ओला लाल पट्टा बघितला, हातातला कागद बघितला आणि गेट उघडलं.

काकू रस्त्यापर्यंत चालत गेल्या. ड्रायव्हरनं चाक डावीकडे घेतलं, गाडी थोडी सरळच गेली आणि मग वळली. आरशात त्यानं काकूंना बघितलं असावं. निरोपाला हात वर करणं त्याला जमलं नाही. दोन्ही हात चाकावर लागत होते.