विडीच्या कातरीनं घडवलेला टायर

मी टायर बोलतोय. ट्रकचा नव्हे, सायकलचाही नव्हे. विजेवर पळणाऱ्या खेळण्यातल्या मोटारीचा, अंगठ्याएवढा, फोमचा टायर. अंगानं मी मऊ, पण आयुष्य मऊ गेलं नाही.

त्र्याऐंशी साली निपाणीत एका फाटक्या स्कूटरच्या सीटमधून माझा जन्म झाला. माझा मालक भरमू विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार भरून द्यायचा. एकदा तो बेळगावात टिळकवाडीला मारुतीरावांचा ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायला गेला आणि तिथंच गुंतला. मारुतीराव बोटीवरच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी गॅरेजात फळ्यांचा वळणावळणाचा रस्ता केला होता. रस्त्यात खाच, खाचेच्या कडेला विजेची पट्टी. हातातला खटका दाबला, की छोटी मोटार त्या खाचेतून सुसाट सुटायची. खटका जास्त दाबला तर वळणावर उडून भिंतीवर आदळायची. त्यांनी एक जुनी मोटार भरमूला देऊन टाकली. मग दर रविवारी तिथल्या शर्यतीसाठी भरमू बेळगावच्या बसमध्ये.

त्या मोटारीचे रबरी टायर वाळून दगड झाले होते. फोमचे केलेस तर पकड येईल, असं मारुतीराव म्हणाले. भरमूनं सीट फाडली आणि ब्लेडनं मला ओरबाडून काढलं. मी वाकडा निघालो. त्यानं पुन्हा कापलं, मी आणखी वाकडा झालो. चिडून त्यानं मोटारीचं पितळी चाक भिरकावलं, ते त्याच्या बायकोच्या कपाळावर बसलं.

नागुबाई विड्या वळत बसली होती. तिनं पदरानं रक्त पुसलं, चाक उचललं आणि म्हणाली, "आणा हिकडं."

विडीची पानं कापायची तिची कातर माझ्या अंगावरून गोल फिरली. नंतर तापवलेली सळई माझ्या पोटातून आरपार गेली. पंक्चरचं सोल्युशन लावून तिनं मला चाकावर चढवलं, मोटारीला बॅटरी जोडून ती सुरू केली आणि गरगर फिरणाऱ्या मला पॉलिशपेपर लावला. माझी कातडी भुग्यासारखी उडत होती. मी ओरडलो असतो, पण मला तोंड कुठलं? मोटार थांबली तेव्हा मी गोल झालो होतो. तिनं मला बोटांत धरून हलकेच दाबलं. तेवढा एकच स्पर्श मला आयुष्यात मायेचा मिळाला.

मग भरमू जिंकू लागला. शहापूरचे हातमागवाले सत्याप्पा दर रविवारी त्याच्याकडून हरायचे. "टायर कुणी केला रं?" असं कुणी विचारलं, की भरमू छातीवर हात मारायचा. "मी केलाय, अजून कोण?"

जिंकून त्याची हाव वाढली. "आणि बारीक कर ह्येला," तो एकदा नागुबाईला म्हणाला. "येग वाढंल."

"नगा वो. पातळ झाला तर फाटंल त्यो."

तिच्या थोबाडीत बसली. मग त्यानं स्वतःच मला घासघासून पितळेपर्यंत आणलं.

त्या रविवारी पहिल्याच मोठ्या वळणावर मी चरचरत फाटलो. मोटार उडाली, भिंतीवर आपटली आणि तिचे तुकडे झाले. सत्याप्पा पोट धरून हसले. "भरमू, टायर तूच केलतास न्हवं?"

भरमूनं शेजारचं लाकडी स्टूल उचललं आणि त्यांच्या तोंडावर हाणलं. दात फरशीवर पडले. सगळं गॅरेज भरमूवर तुटून पडलं. मारुतीरावांनी त्याला गचांडी धरून बाहेर काढलं. "पुन्हा या दारात दिसू नकोस."

घरी येईपर्यंत मी त्याच्या खिशात होतो, अर्धा फाटून चाकाला लोंबत. त्यानं मला नागुबाईपुढं आपटलं.

"मुद्दाम सोल्युशन कमी लावलंस!"

"तुमीच घासलासा की. मी नगं म्हणलं हुतं."

त्यानं तिचा उजवा हात पाट्यावर दाबून धरला आणि वरवंटा उचलला. "ही बोटंच ठेवत न्हाय."

"हात सोडा. अवो, हात सोडा म्हणते!"

वरवंटा तिच्या करंगळीवर आला. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्यानं वरवंटा पुन्हा उचलला. तिचा डावा हात चाचपडत कातरीपर्यंत पोचला.

"सोड!" ती ओरडली. नवऱ्याला तिनं कधी अरेतुरे केलं नव्हतं. कातर त्याच्या मनगटात रुतली. उडालेलं रक्त मी शोषून घेतलं. फोमला नको म्हणता येत नाही.

मोडलेलं बोट छातीशी धरून ती त्याच गल्लीतल्या आपल्या आईकडं, गंगव्वाकडं गेली. दुसऱ्या दिवशी भरमू मनगटाला फडकं गुंडाळून शिव्या देत तिथं पोचला. दारात गल्लीतल्या विडीवाल्या बायका उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात कातर होती. तो मागं फिरला.

तिची करंगळी वाकडीच जुळली. उरलेल्या बोटांनी विड्या वळायला ती नव्यानं शिकली. भरमूची मूठ मात्र कधी मिटली नाही. त्याला तार ओढता येईना, खटका दाबता येईना. तो नुसता मला घेऊन उंबऱ्यावर बसायचा.

उन्हाळ्यात एकदा तो मला घेऊन तिच्या दारात गेला. आवाज खाली होता. "नागू, एवढा दुसरा करून दे. मागं झालं ते झालं."

तिनं मला घेतलं, बोटांत धरून दाबलं. रक्तानं आणि उन्हानं मी टणक झालो होतो. माझी कड भुगा होऊन तिच्या तळहातावर पडली.

"ह्येचं आता काय व्हत न्हाय," ती म्हणाली. मला तिनं बाहेरच्या कट्ट्यावर ठेवलं आणि दार लावून घेतलं. तो मला तिथंच टाकून गेला.

अजून मी त्याच कट्ट्यावर आहे. वाऱ्यानं थोडा थोडा झडतोय. आतून कातरीचा आवाज येतो, बायकांचं हसू येतं. त्या घरात जाणाऱ्या कुणाला माझं ऐकू येत असेल, तर नागुबाईला एवढंच सांगा: बाई, मला चुलीत घाल, माझी हरकत नाही. पण तो परत मागायला आला, तर मला त्याच्या हातात देऊ नको.