एकसष्ट नंबरचं सील

"एकतीस नव्हेत, सीलबाई. एकोणतीस," हिशेबनीस म्हणाला आणि त्याने कागद तिच्याकडे फिरवला. "पहिली दोन वर्षं तुम्ही शिकाऊ होतात. ती ग्रॅच्युइटीत धरत नाहीत."

"शिकाऊ?" सीलबाईला हसू आलं. "तिसऱ्या दिवशी बाकावर बसवलं होतं मला. दिवसाला चाळीस मीटर. शिकवायला फुरसत होती कुणाला?"

"मला काय सांगता? कागद सांगतो."

कारखाना पाण्याच्या मीटरचा. पितळी डबा, आत दातेरी चाकं, वर काच. शेवटी तारेत शिशाची गोळी ओवायची आणि पकडीने दाबायची, की गोळीवर दाबणारीचा नंबर उमटे. हिचा एकसष्ट. तिच्यासारखं सील कुणाला जमत नसे, म्हणून ती सीलबाई झाली. खरं नाव आता पगाराच्या चिठ्ठीपुरतं उरलं होतं.

"कायदा तसा सरळ आहे," हिशेबनीस आवाज उतरवून म्हणाला. "सरकारी करारावर खरंच शिकायला आलेला उमेदवार असेल, तर त्याची वर्षं धरत नाहीत. पण नाव शिकाऊ आणि काम कामगाराचं, असं असेल तर धरावी लागतात. आता काम काय केलं ते कशावरून ठरवायचं? रजिस्टरवरून. आणि रजिस्टर काय म्हणतं?"

ते तिला पाठ होतं. 'सराव. माल भंगारात.' तिच्या वेळी म्हातारा मुकादम लिहायचा. तो गेल्यावर बाकाची देखरेख तिच्याकडे आली, तेव्हा साहेब म्हणाले होते, "शिकाऊ मुलीपुढं एवढंच लिहायचं, बाई. जास्त डोकं चालवायचं नाही." अठरा वर्षं ती रोज संध्याकाळी तारीख लिहावी तसं ते लिहीत आली.

हिशेबनिसाने दुसरा कागद पुढे सरकवला. "तुमची दोन वर्षं साहेब विशेष बाब म्हणून धरायला तयार आहेत. फक्त ही एक सही. ती लवंगी नोकरी सोडतेय ना, तिनं अर्ज ठोकलाय. शिकाऊ वर्ष धरा म्हणते. ती त्या वर्षी उत्पादनावर नव्हती, एवढं तुम्ही लिहून द्यायचं. घाई नाही. शनिवारपर्यंत द्या."

शनिवार हा सीलबाईचा शेवटचा दिवस होता.

वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, म्हणजे दोन वर्षांचा एक महिन्याचा. बरोबर तेवढेच कमी पडत होते. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावरच्या शिंप्याची खोली रिकामी झाली होती आणि मालकाला एक तारखेला अनामत हवी होती. नवरा जन्मभर पोस्टमन. सगळं गाव पायांखाली घातलेला माणूस, पण गुडघे गेले आणि चौदा महिने चौथ्या मजल्यावरून खाली उतरला नव्हता. भाजी आली की सज्जातून दोरीने टोपली सोडायची, एवढंच त्याचं खाली जाणं.

"खाली गेलो की पहिलं काय करणार, ठाऊक आहे?" त्या रात्री जेवताना तो म्हणाला. "दाराबाहेर खुर्ची टाकणार आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारणार, पत्र आहे का काही?"

तिने सहीचं सांगितलं. तो म्हणाला, "करून टाक. तू नाही केलीस तर दुसरी कुणी करेल. आपल्या एकट्यानं जग सुधारायचंय का?"

"तसं नाही हो."

"मग कसं?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही तिने स्वतःच्याच हाताने खणलेली.

दुसऱ्या दिवशी हात धुवायच्या नळावर लवंगीने तिला गाठलं. अंगाने चिमूटभर, तोंडाने फटाका, म्हणून लवंगी. तिची आई दुसऱ्या गावी अंथरुणाला खिळली होती. तिच्याकडे जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं. कायम होऊन चार वर्षं चार महिने झाले होते. ग्रॅच्युइटीला पाच लागतात. शिकाऊ वर्ष धरलं तर मिळणार, नाही धरलं तर एक छदामही नाही.

"बाई, खरं सांगा. त्या वर्षी मी सराव केला का? बोटांना फोड आले होते माझ्या. तुम्हीच मलम लावलंत."

"लावलं होतं."

"मग?"

"मग काय? रजिस्टरात तसं लिहिलंय."

"कुणी लिहिलंय?"

नळ वाहत होता. सीलबाईने तो बंद केला.

"जाऊ दे," लवंगी हात झटकत म्हणाली. "तुमचं काय जातंय? तुम्ही शनिवारी निरोपाचा चहा पिणार आणि सुटणार."

सुटणार! सीलबाई कपाटासमोर येऊन उभी राहिली. वरच्या कप्प्यात हजेरी-कामाचं रजिस्टर, खालच्या कप्प्यात सीलांची वही. गोळ्या सोन्यासारख्या मोजून द्याव्या लागत, कारण खोटं सील लागलं की पाणी चोरीला जातं. म्हणून कुणाच्या नंबरावर किती सीलं गेली, कुठल्या मीटरांना लागली, ते रोज लिहायचं. आणि भंगाराला सील कोण लावतं? दोन्ही वह्या तिच्याच अक्षरात, एका कपाटात, एकमेकींच्या विरुद्ध बोलत अठरा वर्षं पडून होत्या. कुणी शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या. तिनेही नाही.

शनिवारी चहाआधी तिने दोन्ही वह्या हिशेबनिसाच्या टेबलावर उघडून ठेवल्या. एकीत लवंगीपुढे, 'सराव. माल भंगारात.' दुसरीत त्याच तारखेला, 'नंबर एकशे चार, सीलं अडतीस,' आणि खाली मीटरांचे क्रमांक.

त्याने एका वहीवरून दुसरीवर बोट फिरवलं. "दोन्हीकडचं अक्षर तुमचंच आहे, बाई."

"म्हणून तर आणलंय. यातलं एक खोटं आहे. कुठलं, ते लिहून दिलंय." तिने घडी घातलेला कागद ठेवला. "पोच दे. शिक्का मारून. एक प्रत लवंगीला जाईल."

"अहो, उद्या बाकीच्याही पोरी येतील!"

"येऊ देत. अठरा वर्षांत जेवढ्यांपुढं मी 'सराव' लिहिलं, तेवढ्या सगळ्या."

त्याने शिक्का उचलला, पुन्हा ठेवला. "साहेब आता तुमची विशेष बाब नाही करायचे. तुमच्या वेळची सीलांची वही आहे का कुठं?"

"वाळवीनं खाल्ली कधीच."

"मग एकोणतीसच."

"एकोणतीस," ती म्हणाली.

त्याने शिक्का मारला, अगदी हलका, कुणाला ऐकू जाऊ नये असा.

घरी पोचली तेव्हा उन्हं कलली होती. नवरा सज्जात होता. तिला पाहताच त्याने टोपली सोडली. तिने डबा ठेवला, कामावरचा जुना एप्रन घडी करून वर ठेवला.

"काय झालं?" त्याने वरून विचारलं.

"वर आल्यावर सांगते."

त्याने वाकून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पत्राचं पाकीट हातात घेतलं की आतला मजकूर कळायचा म्हणे त्याला. "बरं," तो म्हणाला. "दमानं ये." आणि टोपली ओढू लागला.

शिंप्याच्या खोलीला अजून कुलूप होतं. खोलीकडे न बघता ती जिन्यापाशी आली. तिथे भिंतीवर इमारतीचा मीटर होता. पितळ काळवंडलं होतं, शिशाची गोळी चेपलेली. पण तिच्यावरचा एकसष्ट बोटाला लागत असे. डब्यावर साल कोरलेलं होतं, तिच्या नोकरीचं पहिलं. इथे राहायला आली तेव्हाच तिने ते पाहून ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. एका मीटरने दोन वर्षं कोण मोजून देणार?

तिने पदराने काच पुसली आणि थोडी टेकली. वर त्याने चहाचं आधण ठेवायला नळ सोडला असावा. काचेआडचा काटा हलला.