सात झाकणं आणि एक घड्याळजी

मी सात झाकणांची डबी बोलतेय. लांबीला जेमतेम वीतभर, रंगाने निळी, आणि प्रत्येक झाकणावर एकेका वाराचं पहिलं अक्षर. तुम्ही म्हणाल, एवढ्याशा डबीला कसलं आलंय आत्मवृत्त! म्हणा खुशाल. पण मला आडपडदा ठेवून बोलता येत नाही, आणि जे पाहिलं ते सांगितल्याशिवाय चैनही पडत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. साचा मिटला, उघडला, की आम्ही बारा बहिणी एका दमात बाहेर. तिथून मी एका औषधाच्या दुकानात आले आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी दोन महिने टांगून राहिले. मग एका बाईंनी मला त्यांच्या सासूबाईंसाठी नेलं. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या मी सहा वर्षं सांभाळल्या. म्हातारी भारी शिस्तीची. मंगळवारचं झाकण सोमवारी कुणी नुसतं चाळवलं तरी तिला खपायचं नाही. शिस्त म्हणजे काय, ते मी तिच्याकडूनच शिकले.

ती गेली आणि मी तिच्या मुलाच्या हाती पडले. मुलगा म्हणजे पंचेचाळिशीचा बाप्या, धंद्याने घड्याळजी. त्याने काय करावं? माझ्या खणांत घड्याळाचे स्क्रू भरले! सोमवारात मनगटी घड्याळांचे, मंगळवारात बायकांच्या घड्याळांचे, रविवारात कशालाच न बसणारे. मला आधी रागच आला. पण माणूस कामाला चोख होता. डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, चिमट्याने तो राईएवढा स्क्रू उचलायचा आणि बरोबर जागेवर बसवायचा. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता हात चालूच. त्याच्या दुकानात बसायला मला आवडू लागलं.

मग हळूहळू त्याचं काहीतरी बिघडलं. आधी त्याच्या गप्पा थांबल्या. मग तो घड्याळ उघडायचा आणि तसाच बघत बसायचा. दुरुस्तीच्या पाकिटांचा ढीग साचला. गिऱ्हाईक आलं की उद्या या, परवा या. जेवणाचा डबा जसाच्या तसा घरी परत जायचा. एकदा तर त्याने दुपारीच शटर खाली ओढलं आणि आत नुसता बसून राहिला. तो रडत नव्हता की झोपतही नव्हता. मी समोरच होते, मला तेव्हा त्याच्याबद्दल फार भीती वाटली.

त्याची बायको, म्हणजे मला दुकानातून आणणारी तीच बाई, शाळेत ग्रंथपाल. तिच्या डोळ्यांतून काही सुटत नाही. डॉक्टरकडे चला, म्हणून तिने महिनाभर त्याच्या मागे धोशा लावला. पण तो ऐकेल तर शपथ! कारणही तसंच होतं. मनाच्या आजारांचा दवाखाना नेमका त्याच्या दुकानासमोर, पहिल्या मजल्यावर. इतकी वर्षं गल्ल्यावर बसून कोण तो जिना चढतंय, कोण तोंडावर रुमाल धरून उतरतंय, हे त्यानेच पाहिलेलं आणि घरी येऊन सांगितलेलंही. आता आपण कसं चढायचं? स्वतःच्याच जिभेने त्याचा रस्ता अडवला होता.

शेवटी तो म्हणाला, फोनवर होतंय ना सगळं, तिथून मागव. बायकोने शोधलं. पहिल्याच ठिकाणी दहा प्रश्न, खुणा करा, पैसे भरा, गोळ्या घरपोच. ना कुणाचं तोंड दिसणार, ना कुणाशी बोलावं लागणार. त्याला तेच हवं होतं. ती म्हणाली, "मला नुसत्या गोळ्या नकोत. मला डॉक्टर हवाय." आणि तिने फोनवरच, पण व्हिडिओवर समोरासमोर बोलणारी एक डॉक्टरीण शोधून काढली. आधी तिचा नोंदणी क्रमांक तपासला, मगच मंगळवारची सकाळची वेळ घेतली. अशी बायको मिळायलाही नशीब लागतं, पण ते त्याला त्या वेळी कळण्यासारखं नव्हतं.

त्या मंगळवारी फोन नीट उभा राहीना. तिने इकडेतिकडे पाहिलं, दुकानातून घरी आणलेली मी तिच्या हाताला लागले, आणि तिने फोन माझ्या अंगाला टेकवला. त्यामुळे डॉक्टरणीला जे दिसत होतं तेच मलाही दिसत होतं: दाढी वाढलेला माणूस, खाली घातलेली मान, आणि शेजारी ताठ बसलेली बायको.

डॉक्टरीण मध्यमवयीन, बोलायला संथ. झोप किती, भूक किती, दारू घेता का, दुसरी काही औषधं चालू आहेत का, घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, कधी उलट खूपच उत्साह येऊन झोपेची गरजच वाटेनाशी होते का, सगळं तिने विचारलं. तो एका शब्दात उत्तरं देत होता. मग तिने त्याच आवाजात विचारलं, "जगूच नये, असं मनात येतं का?"

बायको उठायला लागली. तिला वाटलं, आपल्यासमोर त्याला बोलता येणार नाही. त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला खाली बसवलं.

"येतं," तो म्हणाला. "रोज नाही. पण येतं."

बायकोचा चेहरा मी पाहिला, तो मी विसरणार नाही. मी साधी प्लास्टिकची डबी. पण मी तिथल्या तिथे मनाशी खूणगाठ बांधली, की हा माणूस माझ्या हातून जाऊ द्यायचा नाही.

डॉक्टरीण बराच वेळ त्याच्याशी बोलली. असे विचार वाढले तर पुढच्या भेटीची वाट बघायची नाही, तिला लगेच फोन करायचा नाहीतर सरळ जवळचं मोठं हॉस्पिटल गाठायचं, हे तिने दोघांकडून वदवून घेतलं. रक्त तपासायला सांगितलं. गोळी लिहून दिली: आठ दिवस अर्धी, मग एक, सकाळी खाण्यानंतर. सुरुवातीला मळमळेल, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील, आणि तिला विचारल्याशिवाय कमी-जास्त किंवा बंद करायची नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा भेटायचं. चिठ्ठी फोनवर आली. औषधवाल्याने ती दोनदा वाचली, वर घड्याळजीलाही चार प्रश्न विचारले, मग गोळ्या दिल्या. बायकोने माझ्यातले स्क्रू एका वाटीत ओतले, मला गरम पाण्याने धुतलं आणि मी माझ्या मूळच्या कामावर परत रुजू झाले; दुकानात जाताना तो मला सोबत न्यायचा.

अर्धी गोळी करायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. भिंग लावलं, पातं घेतलं, आणि असे तुकडे केले की कणभर इकडेतिकडे नाही. कितीतरी दिवसांनी त्याने काहीतरी नीट केलेलं बघून बायकोला बरं वाटलं. मलाही वाटलं. पुढचा घोटाळा तिथूनच सुरू झाला, हे आम्हाला दोघींना कळलं नाही.

दोन आठवड्यांनी डॉक्टरणीने पुन्हा विचारपूस केली. थोडी झोप लागतेय, म्हणाला. तीन आठवडे झाले, तरी काम काही हाताला येईना. आता घड्याळाच्या पोटात एक इवलीशी पट्टी असते. घड्याळ मागे पडत असेल तर ती केसभर एकीकडे सरकवायची, पुढे पळत असेल तर दुसरीकडे. हे काम त्याने आयुष्यभर केलेलं. त्याला वाटलं, इथेही तेच. मागे पडतोय ना मी? मग थोडं पुढे सरकवू! बायको शाळेत गेली की त्याने शुक्रवारी शुक्रवारची घेतली आणि शनिवारचीही. तीन दिवस असंच. शनिवारी माझं झाकण उघडलं की आत काही नाही, म्हणून गोळ्यांच्या पाकिटातून काढून घेतली. मी ओरडून सांगितलं असतं, पण मला ऐकतो कोण!

झालं, त्याला अंगात नुसती घालमेल सुटली आणि हात थरथरायला लागला. घड्याळजीचा हात थरथरला म्हणजे संपलंच की. तो घाबरला आणि पट्टी उलटीकडे सरकवली: दोन दिवस अर्धी, मग एकही नाही. गोळ्या काढून पुन्हा पाकिटात कोंबल्या, माझी झाकणं नीट लावली, आणि बायकोला ताकास तूर लागू दिली नाही. उंटावरचा शहाणा!

पाचव्या दिवशी मान वळवली की त्याच्या डोक्यात झटके बसायला लागले. चक्कर यायची. तो पुन्हा शटर ओढून बसायला लागला. त्या दुपारी बायको शाळेतून लवकर आली, शटर स्वतःच वर केलं आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून राहिली. शेवटी त्यानेच सगळं सांगून टाकलं. तिने तिथल्या तिथे फोन लावला. डॉक्टरीण संध्याकाळी पाच वाजता भेटली. मला वाटलं, आता त्याची चांगलीच कानउघाडणी होणार.

तिने आधी त्याची तब्येत विचारली. ते विचार परत येतात का, तेही विचारलं. येतात, पण आज सांगितल्यावर जरा हलकं वाटतंय, असं तो म्हणाला. मग ती म्हणाली, "तुम्ही दुरुस्त केलेलं घड्याळ गिऱ्हाइकाने घरी नेऊन रोज उघडलं आणि स्वतःच्या हाताने पट्टी सरकवली, तर?"

तो पहिल्यांदाच नीट मान वर करून बोलला. "मी ते पुन्हा हातात घेणार नाही."

"मी घेते," ती म्हणाली. "पण यापुढे पट्टी मी सरकवणार. तुम्ही फक्त मला खरं सांगायचं."

त्याने मान डोलावली. गोळी पुन्हा पहिल्यापासून, अर्धीवरून सुरू झाली. आठवड्यातून एकदा एका समुपदेशकाशी बोलणंही ठरलं. मी सांगते, तो दुसरा रस्ता पहिल्यापेक्षा अवघड होता. पहिल्या वेळी निदान आशा तरी नवी होती. पण तो ठाम राहिला. वाईट दिवसही आले. एका सकाळी तो तासभर माझ्यासमोर नुसता बसला आणि मग म्हणाला, आज काही बरं नाही, तरी घेतो. आणि घेतली. त्या सकाळचा मला सगळ्यात जास्त अभिमान आहे.

सहाव्या आठवड्यात त्याने साचलेल्या ढिगातलं पहिलं पाकीट उघडलं. संध्याकाळपर्यंत एकच घड्याळ झालं, पण झालं. दुसऱ्या दिवशी दोन. कुणातरी गिऱ्हाइकाला तो चेष्टेने काहीतरी बोलला, आणि गिऱ्हाईक हसून गेल्यावर स्वतःच दचकला.

मध्यंतरी त्याचा थोरला भाऊ आला. मला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. ह्या असल्या गोळ्यांची सवय लागते, फेकून दे, मन घट्ट कर, असं बराच वेळ ऐकवलं. घड्याळजीने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "दादा, केलंय घट्ट," तो म्हणाला. "म्हणूनच घेतो." भावाने चहा प्यायला आणि विषय बदलला.

आता माझं वय झालं. गुरुवारचं झाकण सैल पडलंय, शनिवारचं अक्षर पुसलं गेलंय. उद्या बाद झाले तर दुसरी येईल, त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात माझी एखादी बहीण असेल तर तिला लाजून कपाटामागे दडवू नका. आणि तिची झाकणं आपल्या मनाने उघडू नका, आपल्या मनाने मिटूही नका. ज्याने चिठ्ठी लिहिली त्याला आधी विचारा.

जाता जाता कालच्या रविवारचं सांगते. दर रविवारी मला बायको भरते. त्या घोटाळ्यानंतर तिने ते काम कुणाला करू दिलं नव्हतं. काल ती पुस्तकांना कव्हरं घालत बसली होती. त्याने मला उचललं, तिच्यासमोर टेबलावर ठेवलं आणि सातही झाकणं उघडली. एकेक गोळी मोजून टाकली, तिला दाखवली. झाकणं एकेक करून दाबली. मग मला तिच्या हातात दिलं.

"पुढच्या रविवारपर्यंतचं भरलंय," तो म्हणाला. "मी आहे."

कव्हराचा कागद खाली पडला होता, तो तिने उचलला नाही. मला दोन्ही हातांत घट्ट धरून ती कितीतरी वेळ तशीच बसून राहिली.